न्री : भूमीच्या आचारावर उभा राहिलेला एक इग्बो ग्रामसमाज

१

आग्नेय नायजेरियातील इग्बो समाजाचा परिचय मराठीच्या अभ्यासकांना मुख्यतः चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) आणि 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) या कादंबऱ्यांमधून झालेला असतो. या कादंबऱ्यांतील गावाला राजा नाही, फौज नाही, तुरुंग नाही. तरीही तेथे अपराध ठरतो, दंड होतो आणि तो मानलाही जातो. वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या गावात हुकूम देणारा कोणी नाही, त्या गावात हुकूम चालतो तो कोणाचा?

वसाहतकाळातील ब्रिटिश प्रशासनालाही हाच प्रश्न पडला होता. राजा दिसत नाही, त्या अर्थी राज्यव्यवस्था नाही आणि राज्यव्यवस्था नाही, त्या अर्थी सांगण्याजोगा इतिहास नाही, असे सोपे उत्तर त्या प्रशासनाने काढले. हे उत्तर कसे अपुरे होते, हे पाहण्यासाठी न्री या ग्रामसमाजाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. न्रीचा इतिहास लढायांत किंवा सनदांत सापडत नाही. तो तेथील आचारांत सापडतो. येथे आचार हा इतिहासाचा मागे उरलेला अवशेष नसून सत्ता चालविण्याचे प्रत्यक्ष साधन होता, ही गोष्ट प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाची आहे.

या दृष्टीने इग्बो भाषेतील एक शब्द प्रथम लक्षात घेतला पाहिजे. रूढी, परंपरा, आचारधर्म या सर्वांसाठी इग्बोमध्ये 'ओमेनाला' (न्रीच्या परिसरातील बोलीत 'ओमेनानी') हा शब्द आहे. 'आला' किंवा 'आनी' म्हणजे भूमी. भूमीवर जे घडते, भूमीला धरून जे केले जाते, ते ओमेनानी. आनी ही एकाच वेळी पायाखालची माती आहे, पीक देणारी माता आहे, मृत पूर्वजांना पोटात घेणारी देवता आहे आणि नीतीची रक्षणकर्तीही आहे. त्यामुळे आचारभंग हा केवळ माणसाविरुद्धचा अपराध राहत नाही. तो भूमीला लागलेला विटाळ ठरतो. न्रीच्या साऱ्या सामर्थ्याचे मूळ या कल्पनेत आहे.

२

न्री हे आजच्या अनाम्ब्रा राज्यातील गाव आहे. नायजर नदीवरील ओनित्शा हे मोठे व्यापारी नगर त्याच्या पश्चिमेस, तर लोहारकामासाठी प्रसिद्ध असलेले ऑका त्याच्या ईशान्येस आहे. न्रीचे आगुक्वू, दिओदो आणि आकाम्क्पिसी असे तीन भाग आहेत. यांपैकी आगुक्वू हा 'एझे न्री' म्हणजे न्रीचा पुरोहित-राजा ज्या वंशातून येतो त्या वंशाचा भाग होय.

येथील समाजरचनेचा मूळ घटक म्हणजे 'उमुन्ना', एका पित्याची लेकरे. एका मूळपुरुषापासून झालेल्या घराण्यांचा हा पितृवंशीय समूह असतो. समूहातील ज्येष्ठ पुरुषाकडे 'ओफो' असतो. ओफो म्हणजे एका विशिष्ट झाडाच्या फांदीचा लहानसा दंड. दिसायला तो अगदी साधा असला, तरी सत्य, न्याय आणि पूर्वजांचा अधिकार यांचे ते चिन्ह आहे. ओफो हाती धरून उच्चारलेला शब्द खोटा ठरला तर बोलणाऱ्यावरच तो उलटतो, अशी श्रद्धा असल्याने न्यायनिवाड्यात त्याचे महत्त्व मोठे.

पितृवंशाच्या या अधिकाराला दोन बाजूंनी आवर घातलेला दिसतो. पहिला आवर 'उमुआदा'चा, म्हणजे त्या कुळात जन्मलेल्या व लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींचा. माहेरी मृत्यू झाला की या लेकी एकत्र येतात, भाऊबंदकीतील तंट्यांत मध्यस्थी करतात आणि त्यांचा निवाडा डावलणे पुरुषांनाही अवघड जाते. दुसरा आवर मातुलकुलाचा. बहिणीच्या मुलाला मामाच्या गावी विशेष संरक्षण असते; दोन गावांत वैर असले तरी भाचा तेथे सुरक्षित मानला जातो. विवाहसंबंधांचे असे जाळे गावागावांत पसरलेले असल्याने तह आणि वाटाघाटी यांना माणसे मिळत असत.

काळाची मोजणीही गावांना एकत्र बांधणारी आहे. इग्बो आठवडा चार दिवसांचा असतो. एके, ओरिए, आफो आणि न्क्वो ही चार दिवसांची नावे असून तीच बाजारांचीही नावे आहेत. अशा सात आठवड्यांचा महिना आणि तेरा महिन्यांचे वर्ष धरले जाते. शेजारच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या दिवशी भरत असल्याने कोणत्या दिवशी कोणाकडे जावयाचे हे ठरलेले असते. पाहुण्यापुढे ठेवावयाच्या कोला बीच्या आचारातही हाच चारचा आकडा पुन्हा भेटतो. चार पाकळ्यांचे बी शुभ मानले जाते व त्या पाकळ्यांचा संबंध चार दिवसांशी जोडला जातो. कोला ज्येष्ठाने पूर्वजांना आवाहन करून फोडावयाचा आणि सर्वांनी वाटून घ्यावयाचा. तो फुटल्यावाचून कोणतेही गंभीर बोलणे सुरू होत नाही. स्त्रियांना मात्र कोला फोडण्याचा अधिकार परंपरेने नाही. ज्या समाजात लेकींचा निवाडा मानला जातो त्याच समाजातील हा निषेध आहे, ही विसंगती नोंदविली पाहिजे.

३

न्रीच्या उत्पत्तीची दैवतकथा विसाव्या शतकात अनेकांनी नोंदविली आहे. तिच्या निरनिराळ्या पाठांतील समान भाग असा : एरी हा मूळपुरुष आकाशातून चुक्वूने, म्हणजे परमेश्वराने, खाली पाठविला. तो अनाम्ब्रा नदीच्या परिसरात आगुलेरी येथे उतरला, तेव्हा सारी भूमी चिखलाने भरलेली होती. त्याने तक्रार केल्यावर चुक्वूने ऑकाचा एक लोहार पाठविला. त्याने आपल्या भात्याने जमीन वाळविली. एरी जिवंत असेपर्यंत लोकांना आकाशातून अन्न मिळत होते. तो मरण पावताच ते थांबले. तेव्हा त्याचा पुत्र न्री याने अन्न मागितले. चुक्वूने त्याला आपला थोरला मुलगा व थोरली मुलगी यांचा बळी देऊन त्यांना पुरावयास सांगितले. बारा दिवसांनी, म्हणजे तीन इग्बो आठवड्यांनी, मुलाच्या थडग्यातून याम आणि मुलीच्या थडग्यातून अळकुडीच्या जातीचा कंद उगवला. पुढे एक दास व एक दासी यांचाही असाच बळी देण्यात आला आणि त्यांतून तेलमाड व फणसाच्या कुळातील 'उक्वा' हे झाड ही प्राप्त झाली.

ही कथा केवळ अद्भुत म्हणून बाजूला सारता येत नाही. तिच्यात तीन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, जमीन राहण्याजोगी झाली ती लोहाराच्या हातून. लोखंड आणि शेती यांचा संबंध कथेने आपल्या भाषेत सांगितला आहे. दुसरी गोष्ट पिकांच्या विभागणीची. याम हे पुरुषाचे पीक आणि अळकुडीसारखा कंद हे स्त्रीचे पीक, ही इग्बो शेतीतील विभागणी येथे मुलगा व मुलगी यांच्या थडग्यांशी जोडलेली आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अन्न हे न्रीने आपल्या संततीची किंमत देऊन मिळविले. म्हणून ते इतरांना देताना त्याच्या मोबदल्यात काही मागण्याचा अधिकार न्रीला आहे, असे कथा सुचविते. हा मोबदला म्हणजे इतर गावांच्या भूमीवर विधी करण्याचा हक्क. दैवतकथा येथे हक्काच्या दस्तऐवजाचे काम करते.

मात्र याच दस्तऐवजात दास आणि दासी यांचेही बळी नोंदले गेले आहेत. त्यांना नावे नाहीत, पण तेलमाडाच्या मुळाशी ते आहेत. दास्य ही संस्था या समाजाला बाहेरून आलेली नवी गोष्ट नव्हती, एवढे तरी कथेने लपविलेले नाही.

४

मौखिक परंपरेला भौतिक पुराव्याची जोड मिळाली ती शेजारच्या इग्बो-उक्वू या गावात. १९३८-३९ च्या सुमारास तेथे आयझाया अनोझी यांच्या आवारात पाण्याचे टाके खणताना कांस्याच्या वस्तू सापडल्या. पुढे थर्स्टन शॉ यांनी १९५९-६० मध्ये व नंतर १९६४ मध्ये तेथे उत्खनन केले. इग्बो आयझाया, इग्बो रिचर्ड आणि इग्बो जोना या नावांनी ही तीन स्थळे ओळखली जातात. शॉ यांचा सविस्तर ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला.

या स्थळांवर मेणाच्या साच्याच्या पद्धतीने ओतलेली अत्यंत नाजूक कांस्यपात्रे आणि दीड लाखाहून अधिक काचेचे व कार्नेलियनचे मणी मिळाले. इग्बो रिचर्ड येथे लाकडी फळ्यांनी मढविलेल्या दफनकक्षात एका प्रतिष्ठित व्यक्तीला बसलेल्या अवस्थेत पुरलेले होते. तिच्याजवळ हस्तिदंत, ताम्र अलंकार आणि मण्यांचा मोठा साठा होता. किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे शॉ यांनी या स्थळांचा काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपास ठरविला. तो काळ काहीसा अलीकडे आणावा असे मत नंतरच्या चर्चेत मांडले गेले आहे. तरीही युरोपीय जहाजे या किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधी येथे कुशल धातुकाम, दूरचा व्यापार आणि प्रतिष्ठेची निश्चित श्रेणी होती, हे निर्विवाद ठरते.

इग्बो-उक्वूच्या काही मानवी आकृतींच्या चेहऱ्यांवर कोरलेल्या रेषा न्रीच्या 'इची' या व्रणांशी मिळत्याजुळत्या आहेत. इची म्हणजे कपाळावर व चेहऱ्यावर विशिष्ट प्रकारे कापलेल्या रेषा; ही खूण धारण करणाऱ्याला न्रीच्या परिसरात मान मिळे. ओलाउडा इक्विआनो यांच्या १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात अशाच एका मानचिन्हाचे वर्णन असून तेथे आलेला 'एम्ब्रेंच' हा शब्द अभ्यासक इग्बोतील 'म्ग्बुरिची' या शब्दाशी जोडतात. इक्विआनो यांचे जन्मस्थान आफ्रिका की अमेरिका, याविषयी वाद आहे. परंतु इचीची स्मृती अठराव्या शतकात इंग्रजी गद्यापर्यंत पोहोचली होती, हे या नोंदीवरून दिसते.

शॉ यांच्याबरोबरच, न्रीचे प्रमुख अभ्यासक एम. ए. ओन्वुएजेओग्वू यांनीही इग्बो-उक्वूचे अवशेष आणि न्रीची पुरोहितसत्ता यांचा संबंध जोडला. येथे एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. इग्बो रिचर्ड येथील मुख्य व्यक्तीबरोबर निदान पाच अन्य व्यक्तींचे अवशेष मिळाले आहेत. न्रीची परंपरा स्वतःला रक्तपाताचा निषेध करणारी म्हणविते. उत्खनन मात्र श्रेष्ठाच्या सोबत गाडल्या गेलेल्या माणसांची साक्ष देते. या दोन साक्षींपैकी एक खोडून दुसरी ठेवणे हे संशोधन नव्हे. परंपरा स्वतःविषयी काय सांगते आणि तिने प्रत्यक्षात काय केले, यांतील अंतर हाच इतिहासाचा विषय असतो.

५

एझे न्रीचे पद बापाकडून मुलाकडे सरळ जात नाही. एका एझे न्रीच्या निधनानंतर दीर्घ काळ, बहुधा अनेक वर्षे, गादी रिकामी राहते. पुढील उमेदवाराने दैवी लक्षणे दाखवावी लागतात. निवड झाल्यावर त्याला मूळपुरुषाच्या स्थानी, आगुलेरी येथे, जावे लागते. अनाम्ब्रा नदीच्या तळातून पाणबुड्यांनी काढलेली माती त्याच्या देवस्थानासाठी आणली जाते. त्यानंतर त्याचा प्रतीकात्मक मृत्यू आणि दफन होते व अंगाला पांढरी माती फासून तो पुन्हा उठतो. उठलेला पुरुष हा माणूस राहिलेला नसतो. एझे न्रीच्या या विधीत 'आदामा' या अधिकाऱ्यांचा सहभाग आवश्यक असतो. आदामा हे न्री वंशाच्या आधीपासून तेथे राहणाऱ्या लोकांचे प्रतिनिधी मानले जातात. नंतर आलेल्या वंशाची सत्ता मूळ रहिवाशांच्या संमतीवाचून पूर्ण होत नाही, हे तत्त्व विधीतच बसविलेले आहे.

अशा पुरोहित-राजाजवळ सैन्य नव्हते. त्याची माणसे 'ओतोन्सी' हा शांतिदंड हाती घेऊन गावोगाव जात आणि त्या दंडामुळे त्यांना परक्या प्रदेशातही कोणी हात लावत नसे. ही माणसे मुख्यतः चार कामे करीत. भूमीला लागलेला विटाळ दूर करणे, हे पहिले काम. स्वकीयाचा वध, यामची चोरी, आत्महत्या, निषिद्ध संबंध असे अपराध घडले की गावकऱ्यांना आपली भूमी स्वतः शुद्ध करता येत नसे. न्रीचा माणूस बोलवावा लागे. दुसरे काम 'ओझो' ही उपाधी देण्याचे. ओझो मिळविण्यासाठी पुरुषाला मोठा खर्च करावा लागे. पण उपाधी मिळाल्यावर त्याच्यावर सत्य बोलण्याचे व अनेक निषेध पाळण्याचे बंधन येई. तिसरे काम यामच्या पिकासाठी विधी करण्याचे आणि चौथे बाजार व देवस्थाने यांची स्थापना करण्याचे. याशिवाय दर वर्षी 'इगू आरो' या सोहळ्यात एझे न्री शेतीच्या वर्षाची घोषणा करतो आणि यामचे बियाणे वाटतो.

या कामांकडे एकत्र पाहिले म्हणजे न्रीच्या सत्तेचे स्वरूप स्पष्ट होते. एखादे गाव न्रीचे ऐकत नसेल तर त्यावर चाल करून जाण्याची गरज नव्हती. तेथे शुद्धीसाठी कोणी गेले नाही म्हणजे पुरे होते. विटाळलेल्या भूमीत पेरणी कशी करावी, अशा गावाशी सोयरीक कोणी जोडावी, हे प्रश्न त्या गावापुढे आपोआप उभे राहत. विधी नाकारणे हेच न्रीचे शस्त्र होते. 'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या शेवटी आत्महत्या केलेल्या नायकाच्या देहाला त्याचे गावकरी हात लावत नाहीत. दफन परक्यांनी करावयाचे आणि नंतर भूमीची शुद्धी करावयाची, असे ते सांगतात. हा प्रसंग पुष्कळदा मित्रांच्या निष्ठुरतेचा म्हणून वाचला जातो. न्रीची व्यवस्था लक्षात घेतली तर तो भूमीच्या कायद्याचा प्रसंग आहे, हे ध्यानी येते.

६

या कायद्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जे भूमीला अमंगल ते समाजाला नको, या नियमाने जुळी मुले, वरचे दात आधी आलेली मुले, विशिष्ट रोगांनी मरण पावलेली माणसे यांना समाजाबाहेर टाकले. देवतेला वाहिलेल्या 'ओसू' लोकांना पिढ्यान्‌पिढ्या विवाह व सहवास यांपासून दूर ठेवण्यात आले. पूर्व विभागाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये ओसू प्रथा कायद्याने रद्द केली; पण विवाह ठरविताना तिची आठवण त्यानंतरही निघत राहिली. कायद्याने शब्द बंद होतो, सोयरीक सुरू होत नाही.

न्रीच्या बाबतीत येथे एक विलक्षण गुंतागुंत आढळते. इतर गावांनी अमंगल म्हणून टाकलेल्यांना न्रीमध्ये आश्रय मिळे, असे तेथील परंपरा सांगते आणि ओन्वुएजेओग्वू यांच्या संशोधनातही त्याची दखल आहे. विटाळ ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तो दूर करण्याचेही सामर्थ्य त्याच्याकडे; म्हणून ज्याला कोणी ठेवू शकत नाही त्याला न्री ठेवू शकत असे. निषेध निर्माण करणारी आणि निषेधातून सोडविणारी सत्ता एकच होती. तिला केवळ उदार किंवा केवळ जुलमी म्हणून भागत नाही.

७

न्रीचा प्रभाव ब्रिटिशांच्या आगमनापूर्वीच ओसरू लागला होता. अठराव्या शतकात अटलांटिक गुलामव्यापार वाढला, बंदुका आल्या आणि आरोचुक्वूच्या व्यापाऱ्यांचे जाळे पसरले. माणसांच्या विक्रीवर चालणाऱ्या व्यवहारात शांतिदंडाची किंमत कमी होणे स्वाभाविक होते.

अखेरचा आघात १९११ मध्ये झाला. त्या वर्षी वसाहत प्रशासनाने तत्कालीन एझे न्री ओबालिके यांना आपले विधिविषयक अधिकार सोडून देण्यास आणि इतर गावांवरील निषेध मागे घेण्यास भाग पाडले. याच सुमारास प्रशासनाचे मानवशास्त्रज्ञ नॉर्थकोट थॉमस ऑका व न्रीच्या परिसरात छायाचित्रे घेत होते, मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रणे करीत होते आणि आचारांच्या नोंदी करीत होते. ओबालिके यांचे छायाचित्र त्यांनीच १९११ मध्ये घेतले. थॉमस यांचे इग्बोंविषयीचे अहवाल १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शासनाचा एक हात जे मोडीत होता, दुसरा हात त्याचीच नोंद करीत होता.

जुनी सत्ता दूर केल्यावर प्रशासनाने गावांवर सनदी प्रमुख नेमले. त्यांच्यामागे ना ओफो होता, ना उमुन्ना, ना भूमी. होता तो केवळ कागद. या व्यवस्थेविरुद्धचा असंतोष १९२९ मध्ये दक्षिणेकडील इग्बो व इबिबिओ प्रदेशातील स्त्रियांच्या उठावात प्रकट झाला. अपराधी पुरुषाच्या दारात जमून गाणी व उपहास यांनी त्याला नामोहरम करण्याची स्त्रियांची जुनी रीत त्यांनी सनदी प्रमुखांविरुद्ध वापरली. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. त्यानंतर प्रशासनाने गावोगावच्या जुन्या संस्थांविषयी अहवाल मागविण्यास सुरुवात केली. एम. डी. डब्ल्यू. जेफ्रीझ यांनी न्रीच्या पुरोहित-राजाचा अभ्यास केला तो याच काळात. ज्या संस्थेला अठरा-वीस वर्षांपूर्वी अडसर मानले गेले, तिचा शोध आता राज्यकारभाराच्या गरजेपोटी सुरू झाला.

१९६७ ते १९७० या काळातील यादवी युद्धाने इग्बो प्रदेश होरपळून निघाला. युद्ध संपल्यावर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, इबादान विद्यापीठाच्या आफ्रिकी अभ्यास संस्थेच्या पुढाकाराने न्री येथे एक संग्रहालय उघडण्यात आले. त्याला दिलेले नाव 'ओदिनानी' असे आहे. या नावातही आनी आहे.

८

न्रीच्या उदाहरणातून लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाला काही निष्कर्ष काढता येतात. दैवतकथा, उत्खननातील वस्तू, प्रशासकीय अहवाल आणि कादंबरी ही चार वेगळ्या जातीची साधने आहेत. कथा हक्क सांगते, पण त्या हक्काची किंमत कोणी दिली हे तिच्या कडेला शोधावे लागते. वस्तू काळ सांगते, पण अर्थ सांगत नाही. अहवाल तपशील देतो, पण तो कोणत्या गरजेतून लिहिला गेला हे पाहावे लागते. कादंबरी आचाराला माणसाच्या जगण्यात ठेवते, पण तिला गावाचा इतिहास मानता येत नाही. या चारही साधनांना एकत्र आणणारा धागा आचाराचा आहे.

'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या अखेरीस जिल्हाधिकारी आपल्या नियोजित ग्रंथात नायकाच्या मृत्यूला एक परिच्छेद द्यावा असे ठरवितो. त्याला माणूस दिसतो, त्याचा मृत्यू दिसतो, गावकऱ्यांचे मागे सरणेही दिसते. ते ज्या भूमीमुळे मागे सरले ती भूमी मात्र त्याला दिसत नाही. परक्या समाजाचे आचार वाचताना अभ्यासकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच आहे की, हा आचार पाळणाऱ्याच्या पायाखाली काय आहे.